आप्पांचे लाइनबॅकर

गुरुवारी सदाशिव पेठेत वीज नसायची, म्हणून अमेरिकन फुटबॉल दापोडीला आमच्या घरी आला. आमचं ऑफिस म्हणजे पेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. चार कॉम्प्युटर, एक फॅक्स, आणि अमेरिकन कॅसेट चालवणारं एक खास मशीन, कारण त्या कॅसेट आपल्या व्हीसीआरवर नुसत्या पट्टेपट्टे दाखवायच्या. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि घरात पहिल्यांदाच कुणी टेबलाशी बसून करायची नोकरी करत होतं. देशाचे दरवाजे उघडले, असं वर्तमानपत्रं तेव्हा रोज लिहायची. आमच्यापुरतं सांगायचं तर त्या दारातून कुरिअरनं खोकी यायची आणि खोक्यांतून कॅसेट निघायच्या.

काम असं होतं. अमेरिकेतल्या एका प्रकाशकाला त्यांच्या फुटबॉलमधल्या थोर लाइनबॅकरांवर पुस्तक काढायचं होतं. त्या खेळात बचावाच्या बाजूला पुढे धिप्पाड माणसांची रांग असते, आणि तिच्या मागे दोनतीन जण उभे असतात. पुढे काय होणार ते ओळखायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला गाठून पाडायचं, हे त्यांचं काम. ते लाइनबॅकर. प्रकाशकाला जुन्या काळ्यापांढऱ्या फिल्ममधल्यांपासून त्या वेळच्या ताज्या खेळाडूंपर्यंत सगळ्यांची एकमेकांशी तुलना करून हवी होती. आम्ही प्रत्येक डाव थांबवून थांबवून बघायचो आणि कोण कुठे उभा होता, कुणी पाडलं, किती अंतरावर पाडलं, ते भरत जायचो. या कामाचा प्रमुख कौस्तुभ. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पेठेतच राहणारा, हुशार, आणि बोलायला कोरडा. पहिल्या दिवशी मी विचारलं, "हा खेळ समजायला किती दिवस लागतात?" तर म्हणाला, "त्यांना शंभर वर्षं लागली. तू सोमवारपर्यंत कर."

गुरुवार फुकट जातो म्हणून मालक कुरकुरायला लागले, तेव्हा मीच म्हटलं की दापोडीला आमच्याकडे गुरुवारी वीज असते. मग दर गुरुवारी सकाळी मी आणि कौस्तुभ रिक्षातून यायचो. मशीन त्याच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेला छोटा टीव्ही माझ्या. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो टीव्ही धान्याच्या कोठीवर बसायचा. आई स्वयंपाकघरातून अधूनमधून डोकावून म्हणायची, "उठले का पडले अजून?" धाकटी सुजाता, आमची सुजा, नववीत होती, शाळेतून आली की दप्तर न काढता दारातच उभी राहून बघायची. बाहेर नळावर हंडे आपटायचे, गाडी गेली की भांडी थरथरायची, आणि कोठीवरच्या टीव्हीत कुठल्यातरी बर्फात माणसं एकमेकांवर धाडधाड आदळत असायची.

गुरुवारी आप्पांची साप्ताहिक सुट्टी. ते पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. मूळचे लोणी काळभोरचे; गावात कबड्डी खेळत मोठे झाले, त्या खेळावरच कारखान्यात लागले आणि बारा वर्षं कारखान्याच्या संघात उजव्या कोपऱ्यावर उभे राहिले. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला. घरात त्या दिवसांचा एक फोटो होता, बाकी ते फारसं बोलायचे नाहीत. पहिले दोन गुरुवार ते नुसते खाटेवर बसून चहा पीत बघत राहिले. तिसऱ्या गुरुवारी म्हणाले, "ह्यो मागचा माणूस म्हंजी आपला कोपराच हाय की."

त्यानंतर आप्पांना राहवेना. त्या खेळाडूंची नावं त्यांच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली ठेवली. सगळ्यात जुन्या फिल्ममधला, समोरचे दात नसलेला, तो 'बोळका'. मधल्या काळातला, जो सतत हात करून इतरांना इकडे हो तिकडे हो सांगायचा, तो 'मास्तर'. आणि ताज्या कॅसेटमधला, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो हे कळू न देणारा, तो 'रेडा'. कौस्तुभला ही नावं इतकी आवडली की ऑफिसातही तीच चालू झाली. रेडा सगळ्यांत थोर यावर तो ठाम होता.

"काका, बोळक्याच्या काळात समोरची माणसं तरी केवढी होती? आजच्या खेळात तो उभा राहिला तर पहिल्याच धक्क्याला बाहेर जाईल."

"मग त्याला आजचं खाणं द्या, आजचा व्यायाम द्या, आजचे बूट द्या," आप्पा म्हणाले. "आन् रेड्याला त्याचे फाटके द्या. मग लावा झुंज."

"पण ते आकड्यात कसं मांडायचं?"

हीच तर आमची अडचण होती. पाडलेल्या माणसांची नुसती संख्या घेतली तर ताजे खेळाडू वर जायचे, कारण त्यांचे डावच जास्त असायचे. वजन घ्यावं, वेग घ्यावा, तर जुने हरायचे. मी तक्त्यामागून तक्ते करत होते आणि प्रत्येक तक्ता काळाच्या बाजूनं झुकत होता. अशाच एका गुरुवारी आईनं हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी आणि खर्डा केला होता. पहिल्यांदा कौस्तुभला वाढताना ती दाराशी थबकली होती आणि हळूच म्हणाली होती, "तुम्हाला चालंल ना आमच्यातलं?" त्यावर तो म्हणाला होता, "मावशी, चालेल काय, मी डबा आणायचाच बंद केलाय." त्या एका वाक्यावर मी कितीतरी महिने त्याच्यावर विश्वास टाकला. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा आमच्या घरात पेठेतला मुलगा मांडी घालून दुसरी भाकरी मागत होता, याचं मला केवढं अप्रूप होतं ते लपवण्यात अर्थ नाही.

तर जेवताना आप्पा म्हणाले, "तुम्ही पकडी मोजताय. पकड झाली का न्हाई ह्ये समोरच्यावर बी असतं. पकडीच्या आधीचं बघा."

"म्हणजे काय, काका?"

आप्पांनी हात धुतला, कॅसेट मागे न्यायला लावली आणि बोळक्यावर थांबवली. "चेंडू हलायच्या आधी ह्याचा पाय बघा. कुठं गेला? उजवीकडं. आता सोडा." चित्र हललं. चेंडू घेतलेला माणूस उजवीकडे पळाला. "समोरचा कंबरेतनं बोलतो. डोळं खोटं बोलतात, खांदं खोटं बोलतात, कंबर खोटं न्हाई बोलत. ज्याला ती वाचता येती त्याचं पयलं पाऊल चुकत न्हाई. वजन कितीबी असू दे, साल कुठलंबी असू दे. पयलं पाऊल मोजा."

कौस्तुभचा घास हातातच राहिला होता. मी वही ओढली. त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून साठसत्तर डाव बघितले. आप्पा पाऊल सांगायचे, कौस्तुभ मशीन चालवायचा, मी भरायचे. पुढच्या दोन महिन्यांत मी त्या पहिल्या पावलाचा हिशेब बसवला. डाव किती अवघड होता, समोरून फसवणूक किती होती, ते सगळं त्यात घेतलं. आणि गंमत म्हणजे काळ त्यातून खरोखरच गळून पडला. बोळका, मास्तर आणि रेडा पहिल्यांदाच एका रेषेत उभे राहिले. बोळका रेड्याच्या पुढे निघाला. आप्पा आईला म्हणाले, "च्या टाक, बोळक्याच्या नावानं."

प्रकाशक खूश झाला. इतका, की त्यानं कौस्तुभला तिकडेच बोलावून घेतलं. जायच्या आधी तो घरी येऊन गेला. आईनं पुरणपोळ्या केल्या. आप्पा त्याला म्हणाले, "पुस्तक आलं का पयलं आमाला दाखवा." तो वाकून आप्पांच्या पाया पडला. "काका, तुमचं नाव असणार त्यात," असं तो म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

पुस्तक सहा महिन्यांनी, एका बुधवारी ऑफिसात आलं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. शेवटी 'ही पद्धत कशी सुचली' असं एक दोन पानी टिपण होतं, खाली कौस्तुभचं नाव. मी उभ्यानंच वाचायला लागले. 'पहिल्या पावलाची कल्पना मला माझ्या वडिलांनी दिली,' असं कौस्तुभनं लिहिलं होतं. माझे वडील तरुणपणी कबड्डी खेळत. उजव्या कोपऱ्यावर उभे राहत. भारतातल्या आमच्या लहानशा घरात, जेवताना, त्यांनी मला सांगितलं की डोळे खोटं बोलतात, खांदे खोटं बोलतात, कंबर खोटं बोलत नाही. शब्द न् शब्द. भाकरीसुद्धा होती. माझं नाव मागे आभाराच्या यादीत, आकडे भरणाऱ्या पाच जणांमध्ये होतं. आप्पांचं कुठेच नव्हतं. त्यांचा गुडघादेखील त्यानं आपल्या वडिलांना देऊन टाकला होता.

संध्याकाळी सातला कामासाठी त्याचा रोज फोन यायचा. त्या दिवशी मीच उचलला.

"पुस्तक मिळालं?" त्यानं विचारलं.

"मिळालं. त्यात तुझे वडील कबड्डी खेळतात."

तो म्हणाला, "अगं, संपादकांना त्यात एक माणूस हवा होता. सहकारिणीचे वडील म्हटलं की मग पद्धत कुणाची, हक्क कुणाचे, शंभर फाटे. म्हणून सोपं करून टाकलं."

"तू आमच्या घरी जेवलास, कौस्तुभ."

"त्याचा इथे काय संबंध?"

काय संबंध ते मला आजही नेमकं सांगता येत नाही; संबंध आहे एवढं मात्र नक्की ठाऊक आहे. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, काकांना कुठे इंग्रजी वाचता येतं? छान आलंय म्हणून सांग. उगाच त्यांना त्रास नको."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पुस्तक मी पिशवीत लपवलं होतं, पण आप्पांनी विचारलंच. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, बोळक्याचा फोटो शोधून काढला, बराच वेळ बघितला आणि मग माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "आपलं काय लिवलंय ते वाच." आई पदराला हात पुसत येऊन बसली. मी ते पान उघडलं आणि वाचायला लागले. ओळीवर बोट ठेवून, मराठी करत. 'माझी सहकारी उषा हिचे वडील दामोदर हे उत्तम कबड्डीपटू होते. उजव्या कोपऱ्यावर त्यांच्याइतका भरवशाचा खेळाडू कारखान्याला पुन्हा मिळाला नाही.' हे दुसरं वाक्य तर मी पदरचं घातलं. आप्पांनी मान खाली घातली होती. आई रडत होती. कौस्तुभनं जे करायला सांगितलं होतं तेच मी करत होते, आणि त्याच्यापेक्षा चांगलं करत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. रात्री भांडी पुसताना सुजानं विचारलं, "ताई, आप्पांचं नाव कुठल्या ओळीत होतं?" मी म्हटलं, "गप बस."

पुढचा दीड महिना आप्पा वेगळेच होते. दाढी रोज करायचे. मला वाटलं, खोटं असलं तरी काय बिघडलं? माणूस सुखी आहे. मग एका संध्याकाळी ते पाळी संपवून आले ते पिशवीतून पुस्तक काढतच. मी कपाटात ठेवलेलं पुस्तक त्यांनी सकाळी कारखान्यात नेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे जमले होते, जुन्या संघातलेही दोघे. टाइम ऑफिसमधल्या साहेबांना इंग्रजी चांगलं येत होतं, म्हणून ते पान त्यांना मोठ्यानं वाचायला दिलं. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "दामू, यात तुझं नाव कुठंय? हे तर त्या पोराच्या बापाबद्दल आहे."

आप्पांनी हे सगळं पायातल्या चपला न काढता, उभ्यानं सांगितलं. मग बसले. "वाच," म्हणाले. "आता हाय तसं वाच."

मी वाचलं. एकही शब्द न गाळता. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"त्यानं चोरलं त्ये समजलं," ते म्हणाले. "परका माणूस. आपण त्याच्यावर जीव टाकला ती आपली चूक. तू कशाला केलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, आप्पा."

"न्हाई. मला कळणार न्हाई म्हणून."

त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि कौस्तुभच्या नावानं चार ओळी सांगितल्या. 'तुमचे वडील एवढे मोठे खेळाडू असून आपण कधी बोलला नाहीत. एकदा भेट घडवावी. घोट्याची पकड नीट कशी करतात ते त्यांच्याकडून शिकायचे आहे.' अमेरिकेचा पत्ता त्यांना नको होता. "पेठेतल्या घरी टाक," म्हणाले. मी टाकलं. माझ्यात नाही म्हणायची हिंमत नव्हती.

पंधरा दिवसांनी, गुरुवारीच, दारात एक किरकोळ अंगाचे गृहस्थ उभे राहिले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, दापोडी स्टेशनवरून चालत आल्यानं घामेजलेले. "मी कौस्तुभचे वडील," त्यांनी आपली ओळख सांगितली. "पत्र त्याच्या नावाचं होतं. मी फोडलं. त्याबद्दल आधी क्षमा मागतो." आप्पांनी त्यांना खाटेवर बसायला सांगितलं. ते बसले, पाणी प्यायले, आणि पिशवीतून तेच पुस्तक काढलं. मुलानं त्यांनाही पाठवलं होतं. "मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होतो," ते म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. कबड्डी कधी खेळलो नाही. कुठलाच खेळ नाही खेळलो. दमा होता."

आप्पांनी पाण्याचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"हे वाचलं तेव्हा मला वाटलं, गोष्ट रंगवायला लिहिलं असेल. तुमचं पत्र आलं तेव्हा कळलं की हा माणूस खरा आहे." ते पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "मुलाला वडील सांगायचे होते, आणि माझ्यात त्याला सांगण्यासारखं काही सापडलं नाही. तुमचं त्यानं चोरलं. माझं काय केलं, त्याला मी काय म्हणू, आपणच सांगा."

आप्पांना बहुतेक भांडायचं होतं. त्यासाठीच तर पत्र होतं. पण ते आईकडे वळून म्हणाले, "च्या ठेव." चहा झाल्यावर पाहुण्यांनी विचारलं, "ही घोट्याची पकड म्हणजे नेमकं काय असतं? मी इतकी वर्षं हा शब्द नुसता तपासत आलो."

आप्पा दुखरा गुडघा सांभाळत खाली बसले आणि त्यांनी पाहुण्यांचा उजवा घोटा दोन्ही हातांत धरला. तसे ते गृहस्थ दचकून पाय ओढायला लागले. "अहो, अहो, पायाला हात कसले लावताय."

"पाया पडत न्हाई," आप्पा म्हणाले. "पकडलंय. आता सुटून दाखवा."

त्यांनी एकदा हिसका दिला, पुन्हा एकदा दिला. पाय हलला नाही. आणि मग ते दोघंही हसले; मोठ्यानं नाही, पण हसले. त्या गृहस्थांनी प्रकाशकाला स्वतः इंग्रजीत पत्र लिहिलं, की माझ्याविषयीचा मजकूर असत्य आहे आणि त्या जागी दामोदर यांचं नाव घालावं. त्याची प्रत आमच्याकडे आणून दिली. उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत विचार करू. पुढची आवृत्ती निघाली नाही. कौस्तुभ परत आला नाही, त्याचा फोन मी पुन्हा उचलला नाही, आणि नोकरी मात्र मी सोडली नाही. ते ऑफिस पुढे वाढत वाढत खराडीला काचेच्या इमारतीत गेलं, त्या नोकरीत मी एकूण पंचवीस वर्षं काढली. तिथली मुलं आता कुठल्याही काळातल्या कुठल्याही दोन खेळाडूंची तुलना चहा निवायच्या आत काढतात.

आप्पांनी मला त्यानंतर कधी त्या गोष्टीचा टोमणा मारला नाही. आवाज चढवला नाही, अबोला धरला नाही. माझ्या लग्नात ते सगळ्यांत पुढे होते. फक्त घरात इंग्रजी कागद आला, की ते सुजाला हाक मारायचे. कारखान्याची नोटीस, बँकेचं पत्र, काहीही. ती शाळकरी, मराठी माध्यमातली, एकेक शब्द अडखळत लावायची. मी ग्रॅज्युएट, समोर बसलेली असायचे. ती अडली तरी ते माझ्याकडे बघायचे नाहीत. थांबायचे.

शेवटच्या आजारपणात त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. मोठ्या तपासणीचा रिपोर्ट मीच खालून घेऊन आले. जिन्यात वाचला होता. खोलीत गेले तेव्हा आप्पा जागे होते. त्यांनी माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"सुजा कवा येणार हाय?" त्यांनी विचारलं.

"सहापर्यंत येईल, आप्पा. मी सांगते ना काय आहे ते."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ती आली का वाचंल."

आम्ही सहापर्यंत बसून राहिलो. पाकीट माझ्या मांडीवर होतं.